पत्र्यावरचा अँटेना: साडेसात हजार वसूल झाले का?

आधी आकडे, कारण माझा धंदाच हिशेबाचा. मोबाइलचं इंटरनेट घरात नीट यावं म्हणून पत्र्यावर दोन अँटेना बसवले, ती जोडी 3,400 रुपये. पाच-पाच मीटरच्या दोन जाड केबली, टोकांना कनेक्टर लावून तयार, 2,600. राउटरपाशी जोडायचे मऊ केबलचे दोन तुकडे 400. क्लॅम्प, स्टीलचे नट-बोल्ट आणि टेप मिळून 350. बसवणाऱ्याची मजुरी 700. एकूण 7,450. राउटर यात धरलेला नाही, तो घरात होताच. सिम घालायचा साधा 4जी राउटर, कॅट 4 नावाच्या साध्या वर्गातला, मागे दोन छोटे काढ-घाल करता येणारे अँटेना असलेला.

एवढ्यात मिळालं काय, तेही सांगून टाकते, म्हणजे घाई असलेल्यांना पुढचं वाचायला नको. दिवसा कामाच्या वेळी आधी डाउनलोड 3-4 एमबीपीएस यायचा आणि अपलोड अर्धासुद्धा नाही. आता डाउनलोड 18 ते 22 आणि अपलोड 6 च्या आसपास असतो. रात्री नऊला मात्र डाउनलोड पुन्हा 5-6 वर उतरतो. तिथे अँटेनाचं काही चालत नाही.

आमचं घर साखरप्याकडून आत, काजळी नदीच्या खोऱ्यात. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्याने आंबा घाटाकडे जाणाऱ्याला आमची वाडी दिसतसुद्धा नाही, मधे डोंगराची सोंड येते. घर चिऱ्याचं, जुन्या भिंती हातभर रुंद. माजघरावर कौलं आहेत, पण दरवर्षीची शाकारणी नको म्हणून पडवीवर आणि मागच्या खोल्यांवर सासऱ्यांनी पत्रा घातला. मी काम करते ती खोली नेमकी त्या पत्र्याखाली. जाड चिरा मोबाइलची लाट बऱ्यापैकी खातो, पावसात भिजलेला चिरा त्याहून जास्त खातो, आणि पत्रा तर तिला आत येऊच देत नाही. खोलीत जी काय रेंज येते ती खिडकीतून.

काम जीएसटीचं. देवरुख आणि रत्नागिरीतले काही दुकानदार माझ्याकडे आहेत. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर असतं आणि मी इथे बसून तो स्क्रीन उघडते. शिवाय स्कॅन केलेली बिलं, बँकेची स्टेटमेंटं वर चढवायची. 11 तारखेला जीएसटीआर-1 हे विक्रीचं विवरण आणि 20 तारखेला 3बी हे कर भरायचं विवरण, या दोन तारखा जवळ आल्या की पोर्टलच मुळात कण्हत असतं, त्यात आपली रेंज गेली की लॉगिन उडालं, ओटीपी पुन्हा मागवा. मला वेगापेक्षा टिकून राहणारी लाइन हवी होती, आणि डाउनलोडपेक्षा अपलोड. सिनेमे बघायला अँटेना बसवणाऱ्यांनी माझं मत या चष्म्यातून वाचावं.

बाजारपेठेपर्यंत फायबर आलं आहे. वाडीपर्यंत यायचं तर खांब हवेत, आणि जे आलं आहे ते रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताला लागून तुटतं. तरी तुमच्या दारात फायबर येत असेल तर हा लेख इथेच सोडा आणि फायबर घ्या. अँटेना त्याच्या जवळपासही जात नाही.

आता मोजमाप. फोनवरच्या किंवा राउटरवरच्या दांड्या बघून अँटेना बसवायला जाऊ नये. दोन दांड्या म्हणजे नक्की किती, हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर खोलात गेलं की आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे सापडतात. पहिला म्हणजे टॉवरची लाट आपल्यापर्यंत किती जोराची पोचते. तो उणेच असतो: उणे 80 म्हणजे झकास, उणे 100 म्हणजे चालेल, उणे 110 च्या खाली रडारड, उणे 120 ला राम म्हणा. दुसरा आकडा सांगतो की आपल्याला हवी असलेली लाट बाकीच्या गोंधळाच्या वर किती उठून येते. तो 0 च्या आसपास असेल तर लाइन कुथत चालते, 10 च्या पुढे गेला की माणसात आल्यासारखी वागते, 20 म्हणजे चैन. माझ्या खोलीत आरएसआरपी उणे 115 आणि एसआयएनआर 1. कधी कधी शून्याखाली.

अँटेना मागवण्याआधी मी राउटरच वर नेला. पडवीच्या टोकाला दूरदर्शनच्या काळातला जीआय पाइप अजून उभा आहे. त्याच्या बुंध्याशी पत्र्यावर पाट ठेवला, त्यावर राउटर, खालून वीज, आणि हातात फोन. कोरड्या दिवशी करायचा उद्योग आहे हा, आणि पत्र्यावर पाय ठेवायचा तो खिळ्यांच्या रेषेतच, खाली वासा असतो तिथे. राउटरचे मूळचेच अँटेना, बाकी काही नाही, तरी आरएसआरपी एकदम उणे 104 आणि एसआयएनआर 4. म्हणजे नुसतं घराबाहेर पडल्याने 11 डेसिबल (हे आकडे ज्या मापात मोजतात ते) पदरात पडले, आणि तेही फुकट. हा आकडा लक्षात ठेवा. अँटेना विकणारा तो तुम्हाला कधीच सांगणार नाही, कारण सगळं श्रेय त्याला अँटेनाच्या खात्यावर जमा करायचं असतं.

डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या हिशेबासारखा नाही. 3 वाढले की ताकद दुप्पट, 10 वाढले की दहापट. खोलीतल्या उणे 115 वरून मी शेवटी उणे 98 वर पोचले, म्हणजे 17 डेसिबल, म्हणजे जवळपास पन्नासपट. यातले 11 बाहेर पडण्याचे आणि 6 अँटेनाचे. पण त्या 6 डेसिबलपेक्षाही अँटेनाने एक मोठी गोष्ट केली. ती टॉवरच्या गोष्टीत आहे.

वाडीत कुणालाही विचारा, टॉवर कुठे? सगळे बाजाराकडे हात करतील. तो अडीचेक किलोमीटरवर आहे, पण आपल्या आणि त्याच्या मधे डोंगराची सोंड. लाट कड्यावरून वाकून, इकडेतिकडे आपटून कशीबशी येते. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ 2017 पासून आहे, त्यावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात. तिथे मला दुसरा एक टॉवर दिसला, घाटाच्या बाजूला सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर, सहा किलोमीटरच्या आसपास. लांब खरा, पण पाइपापाशी उभं राहून त्या दिशेला पाहिलं तर समोर खिंड आहे आणि खिंडीतून सडा स्वच्छ दिसतो. मधे आमचा एक फणस आणि खालच्या घरातल्या काजू, बस्स. राउटरच्या पानावर सेल आयडी नावाचा आकडा असतो, तो प्रत्येक टॉवरच्या प्रत्येक तोंडाला वेगळा. फोनवर नेटमॉन्स्टरसारखं ॲप टाकलं की तोच आकडा चालता-फिरता बघता येतो. सड्यावर जाऊन तिथला आकडा टिपून आणला. आता कुठली लाट कुणाची ते ओळखायची सोय झाली.

नवा अँटेना आधी बाजाराकडे केला: आरएसआरपी उणे 98, एसआयएनआर 7. मग सड्याकडे वळवला: आरएसआरपी तोच, उणे 98. सहा किलोमीटरवरून! पण एसआयएनआर 13. दांड्या दोन्हीकडे सारख्याच दिसतात आणि लाइन मात्र ओळखू येणार नाही इतकी वेगळी. शिवाय बाजारातल्या टॉवरवर अख्खी बाजारपेठ लटकलेली, सड्यावरच्यावर त्या मानाने कमी गर्दी. मूळचे छोटे अँटेना चारी दिशांचं सगळंच गोळा करतात, त्यामुळे राउटर जवळचा टॉवर पकडून बसायचा. रोखलेला अँटेना एका दिशेचं ऐकतो आणि पाठीमागचं बरंचसं टाकून देतो. मी पैसे दिले ते या टाकून देण्याचे.

लोक अजून विचारतात, ‘टॉवर तिकडे नि तुमचा अँटेना इकडे कसा?’ सुरुवातीला समजावून सांगायचे. आता म्हणते, वाऱ्याने फिरला.

जी जोडी घेतली तिच्याबद्दल. ती लॉग-पीरिऑडिक जातीची. लॉग-पीरिऑडिक म्हणजे एका दांड्यावर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या काड्या, मागे लांब आणि पुढे क्रमाने आखूड होत गेलेल्या. सर्वांत लांब काडी वीतभर. ती 700 मेगाहर्ट्‌झच्या लाटेसाठी, आखूड काड्या वरच्या बँडांसाठी, म्हणजे लाटांच्या वरच्या पट्ट्यांसाठी. त्यामुळे एकच अँटेना 700 पासून 2700 पर्यंत सगळं घेतो, आणि कंपनी बदलली, बँड बदलला तरी फेकून द्यावा लागत नाही. आखूड काड्यांचं टोक टॉवरकडे करायचं. डब्यावर 11 डीबीआय लिहिलं आहे. डीबीआय म्हणजे अँटेना एका दिशेचं किती जोराने ऐकतो त्याचं माप. एवढ्या लांबीच्या अँटेनातून 8-9 निघत असतील असा माझा अंदाज, पण थाप मारली आहे ती निदान माणसाने मारण्याइतकी आहे.

याउलट ऑनलाइन दुकानात सातशे-आठशे रुपयांना पांढऱ्या चपट्या पाट्या मिळतात, त्यांवर 28 डीबीआय, 35 डीबीआय असं बिनदिक्कत छापलेलं असतं. 1800 मेगाहर्ट्‌झला 28 डीबीआय मिळवायला पावणेदोन मीटर व्यासाची छत्री लागते, भौतिकशास्त्राला घासाघीस चालत नाही. पलीकडच्या वाडीत एकाकडे अशी पाटी आहे. ती मागून आणून माझ्या राउटरला लावून पाहिली. खिडकीत ठेवली तर मूळच्या अँटेनापेक्षा काही जास्त नाही, आणि पत्र्यावर न्यावी तर तिची केबल दोनच मीटरची. केबलही बुटाच्या नाडीएवढी बारीक. तसली केबल या बँडला मीटरमागे दीड डेसिबलच्या आसपास गिळते, म्हणजे दोन मीटरमध्ये आलेल्या मालातला निम्मा गडप.

केबलवर थोडं थांबते, कारण निम्म्या लोकांचे पैसे इथे बुडतात. अँटेनाच्या डब्यात फुकट येते ती केबल बहुतेक वेळा आरजी 58 जातीची, दहा मीटर. दहा मीटर बघून आपण खूश होतो. पण 1800 मेगाहर्ट्‌झला तेवढी आरजी 58 सात-आठ डेसिबल खाते. अँटेनाने मिळवलेले 6 गेले आणि वर बाहेर पडण्याचे एक-दोन गेले. विहिरीवर चांगला पंप बसवून पाणी गळक्या पाइपातून बागेत न्यावं, तसलं ते काम. एलएमआर 400 जातीची जाड केबल तेवढ्याच लांबीत दोनच डेसिबल खाते, पाच मीटरला एक. म्हणून मी डब्यातली केबल बाजूला ठेवून जाड घेतली, आणि ती दहा मीटर न घेता पाच घेतली.

पाच मीटरमध्ये खोली गाठता येत नाही. नाही तर नाही, राउटर वर गेला. माळ्यावर गवाक्षाजवळ, अँटेनापासून हाकेच्या अंतरावर, त्याची फळी मारली. तिथून खाली खोलीपर्यंत साधी कॅट 6 इथरनेटची वायर आणली. तिच्यात शंभर मीटरपर्यंत काही घटत नाही आणि ती स्वस्त. अँटेनाची केबल आखूड आणि इंटरनेटची वायर लांब, हा क्रम उलटा केलेला मी जागोजाग पाहते. राउटर खाली टीव्हीशेजारी शोभेला आणि छपरावरून पंधरा मीटर काळी केबल लोंबतेय.

जाड केबलचा एक त्रास आहे. ती करंगळीएवढी असते आणि वाकत नाही. राउटरच्या मागचं सोनेरी भोक शेंगदाण्याएवढं. जाड केबल सरळ त्याला पिळली तर तिच्या वजनाने आज ना उद्या ते आतून निखळणार. म्हणून मधे मऊ केबलचा वीत-दीड वीत तुकडा घालायचा आणि जाड केबल भिंतीला क्लिप मारून तिथेच थांबवायची. कनेक्टर घेताना नीट बघा: मोबाइलच्या अँटेनाचं ते एसएमए असतं, वाय-फायच्या अँटेनाचं आरपी-एसएमए. बाहेरून जुळे भाऊ. फरक आतल्या पिनेत. चुकीचं घेतलं तर आटे मस्त बसतात आणि आत दोन्हीकडे नुसतं भोक, पीनच नाही, किंवा दोन पिना एकमेकींवर आपटतात. काही राउटरना बाहेर भोकंच नसतात, खिशातल्या छोट्या हॉटस्पॉटला तर सहसा नसतातच. आधी राउटर उलटा करून बघा, मग ऑर्डर द्या.

बसवायला गावातला डिशवाला बोलावला. पोरगा हुशार, शिडीवर माकडासारखा चढतो, दहा मिनिटांत दोन्ही अँटेना पाइपावर उभे. अगदी सरळ, एकाखाली एक, ओळंब्यात.

मी खालून म्हटलं, ‘दोन्ही तिरपे कर. एक उजवीकडे, एक डावीकडे. दोघांची फुली झाली पाहिजे.’

‘वहिनी, तिरपं वाईट दिसेल. लोक म्हणतील कुणी बसवलंय.’

लोकांचं राहू दे, पण कारण असं की 4जी मध्ये टॉवर दोन वेगळ्या धारा सोडतो, एक 45 अंश या बाजूला कललेली आणि एक त्या बाजूला. आपले अँटेनाही तसेच कलते असले की दोन्ही धारा वेगवेगळ्या हाती लागतात. दोन्ही उभे ठेवले की दोघांनाही तेच ते मिश्रण मिळतं. त्याने कुरकुरत फुली केली, मी खाली मोजलं, आरएसआरपी होता तिथेच राहिला आणि डाउनलोड 13 वरून 19 वर गेला. मग त्यालाच आवडलं. फोनवर फोटो काढून घेतला त्याने.

दिशा लावताना मात्र धीर पाहिजे. थोडा फिरवा, थांबा, दोन मिनिटांनी आकडा बघा. राउटर लगेच टॉवर सोडत नाही, जुन्यालाच चिकटून राहतो. प्रत्येक वेळी तो बंद करून चालू केला तर बरं. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, ओटीवरून विचारत होत्या, ‘गो, आला का? आला का?’ तीस-चाळीस वर्षांपूर्वी याच पाइपाखाली उभं राहून त्यांनी हेच विचारलं असणार. योग्य जागा सापडल्यावर मी पाइपावर आणि क्लॅम्पवर मिळून लाल नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढून ठेवली. अँटेना हलला तर रेघ तुटलेली दिसते आणि पुन्हा जागेवर आणायला मोजमाप करावं लागत नाही.

ही रेघ कामाला आली ती वांदरांमुळे. आमच्याकडे अँटेनाची परीक्षा वारा घेत नाही, वांदर घेतात. फणसावरून उडी मारली की पहिला मुक्काम अँटेनावर. एक काडी वाकली, ती हाताने सरळ झाली, आणि खालचा अँटेना पाव फेरा फिरला. नंतर क्लॅम्पच्या जोडीला पाइपात आरपार बोल्ट घातला. आता ते येतात, बसतात, जातात. मला पुन्हा घ्यायचा झाला तर काड्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात बंद असलेला घेईन, दोन-चारशे जास्त देऊन.

पावसाचं सांगायला हवं, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे ही गोष्ट टिकेल का, हाच खरा प्रश्न. नुसत्या पावसाच्या धारांनी या बँडांना फारसं काही होत नाही, डिश टीव्ही जसा काळ्या ढगाला जातो तसं इथे होत नाही. पण पानं होतात जाड आणि ओली. जून लागला की फणस आणि काजू मधे येतात आणि आरएसआरपी 3-4 डेसिबल खाली येतो, तो दिवाळीनंतर परत चढतो. एवढं मी पत्करलं आहे. फणस तोडायचं सुचवून पाहिलं तर घरात दोन वेळचं जेवण मिळणार नाही.

पाण्याचा धोका जोडावर. अँटेनाला केबल जुळते तिथे स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, वर साधी काळी टेप. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पाणी त्या झोलावरून गळून जातं, केबलीबरोबर चालत आत येत नाही. हे करून एक अख्खा पावसाळा काढला, जोड उघडला तर पितळ चकचकीत. डब्यातले नट-बोल्ट मात्र गणपतीपर्यंतच लाल झाले. लोखंडावर नुसता चकाकीचा मुलामा होता. म्हणून वरच्या हिशेबात स्टीलचे आहेत.

विजेचं आणखी वेगळं. मे मधला वळीव आणि हस्ताचा पाऊस, या दोन वेळी आमच्याकडे कडकडाट होतो. पाइपाला जाड तांब्याची तार लावून अर्थिंग केलं आहे, पण त्याच्या भरवशावर मी झोपत नाही. गडगडाट लांबून ऐकू आला की माळ्यावर जाऊन दोन्ही केबली राउटरपासून सोडवते आणि ॲडॅप्टर काढते. मूळचे छोटे अँटेना त्यासाठीच तिथे डबीत ठेवलेत. माळ्यावर ते लावून आपलं उणे 109 वर काम चालतं, ओटीपी येण्यापुरतं. लाइट तर त्या आधीच गेलेली असते. राउटर 12 व्होल्टवर चालतो, त्याला छोटा यूपीएस लावला की तासा-दोन तासांची ददात नाही. पुढे टॉवरचीच बॅटरी बसते.

आता रात्री नऊचं. टॉवरपाशी एका वेळी वाटायला जेवढं आहे तेवढंच आहे, आणि जेवणं आटपून सगळे एकदम मोबाइल घेऊन बसले की वाटे लहान होतात. आरएसआरपी तोच, एसआयएनआर एखादा अंक खाली, आणि वेग पाव. ज्यांना रात्रीच वेग हवा आहे आणि दिवसा घरात चांगली रेंज आहे, त्यांनी अँटेनावर पैसे घालू नयेत, दुसऱ्या कंपनीचं सिम आणून त्याच राउटरमध्ये चालवून बघावं. अपलोडला मात्र रात्रीही फरक जाणवतो. राउटरची स्वतःची ताकद 200 मिलिवॉट, त्याहून जास्त जोराने ओरडायची त्याला परवानगीच नाही. चिऱ्यातून आणि पत्र्यातून ती पोचणार किती? अँटेना जसा ऐकतो तसाच बोलतोही, आणि तो बाहेर असतो. माझी बिलं वर चढतात ती त्यामुळे.

एक ताकीद. अँटेना शोधायला गेलं की तेच दुकान ‘बूस्टर’ही दाखवतं: एक अँटेना बाहेर, मधे विजेवर चालणारा डबा, आत दुसरा अँटेना, सगळ्या घराला फुल्ल रेंज. तो घेऊ नका. खासगी माणसाने मोबाइलचा बूस्टर बाळगणं, विकणं, वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, दूरसंचार विभागाने 2022 मध्ये ते पुन्हा स्पष्ट सांगितलं. कायद्याचं सोडा, तो डबा टॉवरच्या कानाशी खरखर करतो आणि अख्ख्या वाडीचा अपलोड बसतो. राउटरला लावलेल्या अँटेनात वीज नाही, तो काही वाढवून पाठवत नाही, त्यामुळे त्याला ही अडचण नाही.

तर माझ्यापुरते पैसे वसूल. गेल्या काही 20 तारखांना मी देवरुखला जाऊन कुणाच्या दुकानात बसले नाही, एसटीचं भाडं आणि तिथला चहा एवढा एकच हिशेब केला तरी जमतं. आईंच्या मालिका दुपारी न अडकता चालतात, ही वरकड कमाई. जोडीला पाचपैकी चार देईन. एक कापला तो गंजक्या नटांचा आणि डब्यात घातलेल्या त्या केबलीचा. चांगला अँटेना करून त्याच्याबरोबर अशी केबल देणाऱ्याला काय म्हणावं?

वरच्या घरातले काका परवा आले. म्हणाले, ‘मलाही अस्साच बसवून दे गो, काय ते सात-साडेसात हजार देतो.’ त्यांचं घर टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, दोन्ही टॉवरांच्या तोंडावर. मी त्यांना माझा राउटर दिला आणि म्हटलं, आधी हा पडवीच्या बाहेरच्या कोपऱ्यात ठेवून आकडा सांगा. उणे 94, एसआयएनआर 15. त्यांना अँटेना लागतच नव्हता. त्यांनी आपला राउटर आतल्या खोलीतून उचलून वळचणीखाली लाकडी पेटीत ठेवला, पेटीला जाळी मारली, आणि वीस मीटर इथरनेटची वायर आत ओढली. सगळा खर्च सहाशेच्या आत. डिशवाला तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. त्याचं म्हणणं, वहिनींनी हातातलं गिऱ्हाईक घालवलं.